जास्तीचा बर्फ

पेटी उघडली आणि माझं डोकंच फिरलं. लसीची कुपी हलवून पाहिली, तर आतलं काही हललंच नाही. नुसता दगड झाला होता.

"काका, हे काय करून ठेवलंत?"

"ऊन काय म्हणतंय, बाई! म्हणून फ्रीझरमधला बर्फ तसाच ठासून भरला," ड्रायव्हरकाका शाबासकीच्या आशेनं म्हणाले. "आहे की नाही गारेगार?"

अति तिथं माती म्हणतात ते हेच. घटसर्पाची लस गार ठेवायची असते, गोठवायची नसते. एकदा गोठली की वितळूनही फुकट. म्हणून बर्फाला आधी बाहेर घाम फुटू द्यायचा आणि मगच तो पेटीत घालायचा. शंभरदा सांगून झालंय. पण माणूस इतक्या मायेनं चुकला की त्याच्यावर धड ओरडताही येत नाही, आणि त्याचाच जास्त संताप येतो.

त्यात लसीकरणासाठी घेतलेली शाळेची खोली कधी नव्हे ती भरलेली. मागच्या गल्लीतला मुलगा घटसर्पानं दवाखान्यात पडला, तेव्हा कुठे लोक हलले. पुढच्या बाकावर चिमीला मांडीवर घेऊन तिची आजी बसली होती. आजीच्या मुलाचा, म्हणजे चिमीच्या बापाचा, सुईला सक्त विरोध. मला त्यानं दोनदा दारातून घालवलेलं. आज तो कामाला बाहेरगावी, म्हणून म्हातारीनं नात गुपचूप आणलेली.

"टोचा लवकर," ती म्हणाली. "तो संध्याकाळी यायचाय."

तीच लस वितळवून टोचली असती तरी कुणाला कळलं नसतं. सगळे खूश होऊन घरी गेले असते आणि चिमी होती तशीच रोगाच्या तोंडी राहिली असती. मी उभी राहून सांगून टाकलं, लस खराब झालीय, नवी मागवतेय, जरा थांबा.

थांबतंय कोण! काका गाडी घेऊन धावले, पण 'खराब' हा शब्द त्यांच्याआधी वस्तीभर पोचला. एकेक आई उठली. आजी तेवढी बसून राहिली. शेवटी नवी पेटी आली, पण तिच्या मागोमाग चिमीचा बापही. बातमी त्यालाही लागली असणार.

"औषध खराब होतं ना? तुम्हीच म्हणालात ना?" त्यानं पोरीला उचललं.

"अहो, खराब होतं ते बाजूला काढलं, ही नवी पेटी आहे!"

माझा आवाज चढला तसा त्याला आणखी जोर आला. आजी त्याच्यामागे ओढल्यासारखी गेली. मीही पेटी उचलून त्याच्या घरापर्यंत गेले. दार माझ्या तोंडावर धाडकन बंद. खरं बोलल्याचं हे बक्षीस! रडू येत होतं, ते निव्वळ रागानं. मी पायरीवरच बसकण मारली.

आत मायलेकांची चांगलीच जुंपली. बऱ्याच वेळानं खिडकी किलकिली झाली.

"बाई," आजी म्हणाली, "पेटी सावलीत सरकवा. आणि जाऊ नका."