मुद्दाम नापास

संघात त्याला सगळे एडका म्हणत. बचावफळीत उभा राहायचा आणि हवेतून येईल तो चेंडू टाळक्याने परतवायचा. माणसाला डोकं दिलंय ते कशासाठी, असं तो वर तोंड करून विचारायचा. आता त्या डोक्यातून चेंडूखेरीज दुसरंही काही निघायचं आणि ते बहुतेक उचापतीचंच असायचं.

गेल्या वर्षी क्लबने एक डॉक्टरीणबाई नेमल्या. पहिल्याच दिवशी त्यांनी ओल्या बुटांच्या वासात सगळ्यांना बाकांवर बसवलं.

"डोक्याला मोठा मार लागला की सगळे धावत येतात," त्या म्हणाल्या. "मला काळजी छोट्या माराची आहे. चक्कर नाही, टेंगूळ नाही, पण सरावात रोज डोक्यावर चेंडू घेताय, तेही वर्षानुवर्षं. आत हळूहळू काय होतं, ते अजून कुणालाच पुरतं ठाऊक नाही. म्हणून आज प्रत्येकाच्या स्मरणशक्तीची परीक्षा. पुढच्या वर्षी पुन्हा. जो घसरला, तो मैदानाबाहेर."

मैदानाबाहेर म्हटल्यावर भल्याभल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. एडक्याने मात्र सगळ्यांना न्हाणीघरात गोळा केलं आणि नळ सोडून दिले, म्हणजे बाहेर ऐकू जायला नको.

"अरे, घसरायचं नसेल तर मुळात चढायचंच कशाला? आज ढ व्हा. पुढच्या वर्षी नुसते शुद्धीवर राहिलात तरी पास!"

वेड पांघरून पेडगावला जाणारे पुष्कळ पाहिले असतील, पण अख्खा संघ एकाच दिवशी निघालेला बघायचा म्हणजे भाग्य लागतं. बाईंनी शब्द ऐकवले आणि थोड्या वेळाने परत विचारले, तर गोलकीपर डोळे विस्फारून म्हणाला, "कुठले शब्द?" दुसऱ्याने त्रिकोण काढायला घेतला आणि त्याचा बटाटा केला. एडका यातला उस्ताद. साफ कोरं राहिलं तर संशय येतो, म्हणून त्याने थोडे शब्द बरोबर सांगितले, एक भलताच घुसडला, मग कान खाजवून छताकडे पाहिलं. ढ होण्यातही तब्येत लागते.

"आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार?" बाई कोचला हळूच म्हणाल्या. ते एडक्याने ऐकलं आणि टॉवेलमध्ये तोंड खुपसून हसला.

एकच गोष्ट अंगाशी आली. निकाल घरी गेला आणि तो त्याच्या लेकीने वाचला.

"बाबा, तू आमच्या वर्गात असतास ना, तर बाईंनी तुला पहिलीत पाठवलं असतं."

खरं सांगण्याची सोय नव्हती. पोरीच्या तोंडात तीळ भिजत नव्हता. वर्षभर एडक्याने ती टिंगल मुकाट ऐकून घेतली. यंदा मात्र खरी परीक्षा द्यायची होती. आता सगळेच खरी देणार होते, बेतच तसा होता. एडका छाती काढून आत गेला.

ती खोली म्हणजे एरवी चेंडूंच्या जाळ्या ठेवायची जागा. बाईंनी शब्द सावकाश वाचले. एडक्याने प्रत्येक शब्द ओठांतल्या ओठांत घोळवला. मग दिवा लागला की बटण दाबायचं, मग थोड्या इकडच्या तिकडच्या गप्पा, मग पुन्हा शब्द. पहिले काही झटकन आले. पुढचे येईनात. जिभेच्या टोकाशी आहेत असं वाटायचं, आणि जीभ हलवली की तिथे काहीच नसायचं. कान खाजवायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. जेमतेम काहीतरी सांगून, एक अंदाजाने ठोकून, तो घाम पुसत बाहेर आला. परीक्षाच यंदा अवघड काढली असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली.

निकाल सांगताना बाईंचा चेहरा बघण्यासारखा होता.

"एका वर्षात अख्खा संघ हुशार झालाय! गोलकीपर, तुम्ही तर कुठल्या कुठे गेलात. काय खाता तरी काय?"

पोरं एकमेकांना कोपरं मारत होती.

"आणि एडकेसाहेब, सगळ्यांत भरवशाचे तुम्ही. गेल्या वर्षी होतं तेवढंच, ना वर ना खाली. काहीही बिघडलेलं नाही. बिनधास्त खेळा."

गोलकीपर कानाशी लागला. "यंदाही नाटक केलंस? कमाल आहे बाबा तुझी!"

एडका हसला. सवयच होती. पण गेल्या वर्षी जेवढं मुद्दाम विसरला होता, तेवढंच यंदा जीव तोडूनही आठवलं नव्हतं. आणि हे साऱ्या जगात फक्त त्यालाच माहीत होतं.

सरावाची शिट्टी झाली. कॉर्नरवरून चेंडू उंच, सुरेख, थेट त्याच्या कपाळाच्या मापाने आला. एडका खाली वाकला. चेंडू त्याच्यावरून जाऊन जाळ्यात पडला आणि मैदानभर हशा पिकला. त्याने मागे वळून पाहिलं नाही. तो सरळ डॉक्टरीणबाईंच्या दारात जाऊन उभा राहिला.

"मॅडम, गेल्या वर्षी मी मुद्दाम चुकलो होतो."

"आणि यंदा?" बाईंनी मानही वर केली नाही.

"यंदा नाही."

त्या खळखळून हसल्या. "माझी फिरकी घ्यायला पोरांनी पाठवलं ना? पळा, कोच ओरडतील."

जन्मभर थापा मारल्यावर लोकांनी खऱ्याला तरी खरं का मानावं? तिथून निघून जाणं सोपं होतं. हंगाम हातात होता, पोरांचंही कुणाला कळलं नसतं. पण त्याला भीती वाटत होती, चांगलीच वाटत होती. त्याने आत येऊन दार लावलं.

"सगळ्यांना मीच शिकवलं होतं, मॅडम. न्हाणीघरात. उद्या पोरं माझी चामडी सोलतील, सोलू देत. ते कुणी हुशारबिशार झालेले नाहीत. होते तसेच आहेत. यंदा खरी परीक्षा दिली, म्हणून सगळे वर गेले." त्याने टेबलावरच्या निकालांकडे बोट केलं. "मीही खरीच दिलीय."

बाई हसायच्या थांबल्या. समोरच्या निकालांवरून त्यांची नजर एकदा फिरली आणि त्याच्या चेहऱ्यावर येऊन थांबली. त्यांनी उठून स्वतःची खुर्ची त्याच्याकडे सरकवली.

"बसा," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "असं विसरायला कधीपासून होतंय?"

एडक्याच्या जिभेवर विनोद तयार होता. तो त्याने गिळला, आणि खरं उत्तर शोधू लागला.