टरफलांची बादली

शाळेच्या स्वयंपाकघराच्या दारात वजनकाटा येऊन बसला, तेव्हापासून मावशींचा पारा चढलेलाच होता. पोरं त्यांना मावशीच म्हणत. सोळा वर्षं तिथलं जेवण त्यांच्या हातचं. आणि आता मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, फर्मान काढलं होतं: मुलं भाज्या टाकून देतात. शुक्रवारी उष्ट्याची बादली पाच किलोच्या वर गेली, तर सोमवारपासून चूल बंद. बाहेरून पाकीटबंद जेवण येईल.

"पाकिटातलं!" मावशी पातेल्याला ऐकवत. "म्हणजे मी काय इथे माशा मारायच्या?"

त्यांनी भाज्यांचं काही करायचं बाकी ठेवलं नव्हतं. किसून झाल्या, वाटून झाल्या, दाणा कुठला नि पाणी कुठलं ते कळू नये इतक्या शिजवून झाल्या. पोरं वस्ताद. चमच्याने चाचपून हिरवं तेवढं बरोब्बर बाजूला काढत.

शुक्रवारी नेमक्या मदतनीस बाई तापाने आडव्या, आणि सोलायला पोतंभर मटार. मावशींनी पाचवीचा एक वर्ग मागून घेतला, अर्धं पोतं पोरांपुढे ओतलं आणि दम भरला, "एकही दाणा तोंडात जाता कामा नये. सगळ्यांना वाढायचेत."

असं सांगायला नको होतं. पाव भाजून त्या परत येऊन बघतात तर टरफलांचा ढीग गुडघाभर, आणि पातेल्यात दाणे मूठभर.

"बाकीचे कुठे गेले?"

पुढच्याच मुलीचे गाल टम्म फुगलेले.

"तोंड उघड बघू."

"उघडलं तर सांडतील, मावशी," ती कशीबशी म्हणाली.

घंटेला दहा मिनिटं उरली होती. सोलायला हात नाहीत, शिजवायला वेळ नाही. शेवटी त्यांनी उरलेलं पोतं उघडलं आणि हात झटकले. "तशाच वाढा शेंगा. व्हायचं ते होईल!"

जेवणाची सुट्टी संपली. मोठ्या बाईंनी बादली काट्यावर ठेवली. काठोकाठ भरली होती.

"मावशी, नऊ किलो."

"दिसतंय मला," मावशी म्हणाल्या. सोळा वर्षांवर पाणी पडलं होतं.

मोठ्या बाई खाली वाकल्या. एक टरफल उचललं, उघडून पाहिलं. दुसरं पाहिलं. मग बाही वर करून कोपरापर्यंत हात घातला आणि तळ ढवळला.

"यात मटार कुठे आहेत?"

"खाल्ले मेल्यांनी!" मावशी सवयीने करवादल्या, आणि आपण काय बोललो ते त्यांना मग कळलं.

मोठ्या बाई खळखळून हसल्या. काटा त्यांनी काखेत मारला. "सोमवारी काय करताय?"

"गाजरं. किसून..." मावशी थबकल्या. "नाही. धुऊन तशीच देते."

सगळे गेल्यावर मावशी पातेल्यापाशी बसल्या. त्यातला एक दाणा त्यांनी तोंडात टाकला. गोड होता, कोवळा, दाताखाली फुटणारा. मग दुसरा टाकला, मग मूठच भरली. इतकी वर्षं आपण हे एवढं कशाला शिजवत होतो, असं मनात आलं आणि त्यांना हसू फुटलं. डोळ्यांत थोडं पाणीही आलं. ते पुसून होईपर्यंत पातेलं रिकामं झालं होतं.