रायफलीची आंघोळ

चिंचोळीचे आबाराव पाटील भाषणाला उभे राहिले की आधी समतेवर बोलत, मग सहकारावर, आणि घसा कोरडा पडला की दुष्काळावर. बहात्तर साल होतं, त्यामुळे घसा लवकर कोरडा पडे. गावच्या सहकारी संघाचे ते चेअरमन होते. संघाकडे एक ट्रॅक्टर होता, काही ऑइल इंजिनं होती, ती दुरुस्त करायला पत्र्याच्या शेडमध्ये एक वर्कशॉप होतं, आणि या सगळ्याच्या वर आबारावांची खुर्ची होती. पण आता त्या खुर्चीत त्यांचं मन रमत नव्हतं. तालुक्यात नवा साखर कारखाना निघणार होता. ऊस कुठं होता म्हणाल तर कुठंच नव्हता. माणसं दुष्काळी कामावर खडी फोडत होती आणि रेशनच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकरी गिळत होती. ऊस पुढं बघता आला असता. चेअरमन मात्र आधी ठरायचा होता, आणि तो ठरवणार होते आमदार दादासाहेब.

दादासाहेबांना शिकारीचा भारी शौक. एकदा त्यांच्या ओसरीवर बंदुकांच्या गप्पा निघाल्या. मुरूमचे डाळमिलवाले चन्नबसप्पा तिथं बसले होते, आणि कारखान्याच्या खुर्चीवर त्यांचाही डोळा होता. त्यांनी हसत हसत कारखान्याला जागा देऊ केली. द्यायला आबारावांकडे तसं काहीच नव्हतं, म्हणून त्यांनी शब्द दिला.

चिंचोळीत दसऱ्याला सीमोल्लंघनाच्या वेळी शिवेवरच्या उंचवट्यावर चुना फासलेलं मडकं ठेवतात आणि पाटलानं ते गोळीनं फोडायचं असतं. आबारावांच्या वाडवडिलांनी ते ठासणीच्या बंदुकीनं फोडलं, तेही इतक्या जवळून की जोरात शिंकलं असतं तरी फुटलं असतं. आबाराव म्हणाले, यंदा मी ते महादेवाच्या टेकडीवरून फोडणार. टेकडी आणि शीव यांच्यामध्ये गावचं अख्खं तळं होतं. तळ्यात पाणी नव्हतं, पण लांबी तेवढीच होती.

दादासाहेब म्हणाले, "येतो बघायला. फुटलं, तर त्याच जागी तुमच्या नावाचा नारळ फोडू."

आबारावांकडे बोल्टाची रायफल होती, सरकारी कारखान्यातली, पिकांच्या राखणीच्या परवान्यावर घेतलेली. पिकं नव्हती, तरी परवाना होता. दुसऱ्या दिवशी टेकडीवर जाऊन त्यांनी ती चालवून पाहिली. गोळी कुठं जाते हे फक्त गोळीला ठाऊक. खाली एका धनगरानं शेरडं गोळा केली आणि मुकाट्यानं दुसऱ्या रानाची वाट धरली.

मग त्यांना बलभीम आठवला. संघाच्या वर्कशॉपचा हा मिस्त्री पलटणीत हत्यारं दुरुस्त करून आलेला. बौद्धवस्तीत राहायचा, मिशीला पीळ द्यायचा, इस्त्रीची खाकी घालूनच इंजिनाखाली शिरायचा, आणि स्वतःबद्दल अशा आदरानं बोलायचा की ऐकणाऱ्याला तो दुसऱ्याच कुणा थोर माणसाची गोष्ट सांगतोय असं वाटावं. एरवी आबाराव त्याला बलभीम्या म्हणत. त्या दिवशी शेडच्या दारातूनच त्यांनी बलभीमराव अशी हाक घातली. हा फरक त्याच्या ध्यानात आला नाही असं त्यांना वाटलं.

बलभीमनं रायफल उघडली, नळीतून उजेडाकडे पाहिलं, चाप ओढून पाहिला आणि तोंड वाकडं केलं.

"चेअरमन, चीज वाईट न्हाय. पर कारखान्यात ढिगानं बनत्यात. एकीचं लाकूड दुसरीला बसवत्यात. हिला हिच्या मापाची करावी लागंल."

कामही त्यानं थाटात केलं. नळीला दिव्याची काजळी लावून ती लाकडात बसवायची, काढायची, आणि जिथं काळा डाग उठेल तिथलं लाकूड खरवडायचं, असं तो दिवसचे दिवस करत बसला. संघाची इंजिनं तशीही बंदच होती. विहिरीत पाणी नसल्यावर इंजिन काय ओढणार? शेवटी नळी आणि लाकूड यांच्यामध्ये पोस्टकार्ड अलगद सरकेल एवढी फट झाली. नळी फक्त मागच्या बाजूला पक्की धरलेली, पुढं सगळी मोकळी. मागची बैठक त्यानं लोखंडाचा कीस घातलेल्या चिकट औषधात घट्ट बसवली. चाप आधी इतका जड होता की ओढताना सगळी रायफल हलायची. त्याची पाती त्यानं तेलाच्या दगडावर घासून अशी केली की नुसतं बोट टेकवलं तरी काम व्हावं. नळीचं तोंड साफ केलं, गाल टेकायला लाकडाचा उंचवटा बसवला, आणि हैदराबादेहून आबारावांनी मागवलेली जुनी दुर्बीण लेथवर कड्या कातून वर चढवली.

"गोळी सुटली की नळी थरथरती," तो सांगायचा. "दर खेपेला सारखी थरथरली, तर गोळी सारख्याच जागी जाती. म्हणून नळीला कायबी शिवता कामा नये. म्या जलमात एवढी एकच शिवाशिव पाळतो."

आबाराव हसले. हसावं की नाही ते त्यांना नीट कळलं नव्हतं. बलभीमनं आणखी एक गोष्ट बजावली: लाकूड आतून खरवडलेलं आहे, दुष्काळी हवेत खडखडीत वाळलेलं आहे, नुसता जवसाच्या तेलाचा हात दिलाय, तेव्हा पाण्यापासून जपा. ते पाणी पितं, फुगतं, आणि मग सगळं मुसळ केरात.

आबारावांनी टेकडीवरून झाडलेली पहिलीच गोळी मडक्याला लागली. दुसरीही लागली. आनंदानं त्यांना रडूच यायचं बाकी राहिलं. त्या दिवसापासून ते रोज शेडमध्ये जाऊन बसू लागले, बलभीमच्या खांद्यावर हात ठेवू लागले, संघाच्या सभेत त्याचं नाव घेऊ लागले. चहा मात्र घरून थर्मासात आणत, आणि एकट्यापुरताच.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी पाटलांच्या देवघरात भवानीच्या टाकापुढं घरातली सगळी हत्यारं मांडून पुजतात. भावकी जमली आणि कुजबुज सुरू झाली. वस्तीतल्या माणसानं एवढे दिवस छातीशी धरलेलं हत्यार देवीपुढं मांडायचं का? चन्नबसप्पा दोन दिवसांपूर्वी भावकीत कुणाकडे तरी जेवून गेले होते, त्यामुळे कुजबुजीला चांगलाच जोर होता. भावकीतल्या निम्म्या लोकांनी कारखान्याचे शेअर घ्यायचं कबूल केलेलं. पण खरं सांगायचं तर भावकीनं विषय काढला नसता, तरी आबारावांनीच काढला असता. रायफलीला गाल लावताना रोज त्यांच्या मनात काहीतरी खुपत होतं. मडकी फुटत होती म्हणून ते गप्प होते इतकंच.

गावचे पुजारी भीमाशंकर भला माणूस. त्यांनी सांगितलं की तुळशीच्या पानानं पाण्याचा एक थेंब फिरवला की झालं, हत्यार भिजवू नये. आबारावांना तेवढ्यावर समाधान वाटेना. त्यांनी आतून पाण्याचे दोन भरलेले हंडे मागवले.

तेव्हा गावाला एक दिवसाआड टँकर यायचा, घरटी अर्धा हंडा मिळायचा, आणि वाटप आबारावांच्या देखरेखीखाली व्हायचं. वस्तीचा नंबर शेवटी. तोवर टँकर बऱ्याचदा खडखडाट करत परत निघालेला असे. केशरबाई, म्हणजे आबारावांच्या पत्नी, चौकटीत उभ्या राहून म्हणाल्या की हे घरात प्यायचं पाणी आहे, आणि ज्यानं ती वस्तू केली त्यानंच तिला पाणी लावू नका म्हणून सांगितलंय. बायकांना शास्त्र कळत नाही, असं आबारावांनी त्यांना सांगितलं.

तांब्याच्या घंगाळात पंचामृत झालं. गाई आटलेल्या, म्हणून दुष्काळी केंद्रावर पोरांसाठी आलेली दूध पावडर कालवली. दही तिचंच लावलेलं होतं. मधाऐवजी गूळ, आणि तूप भावकीतून आलं. त्यात शुद्धीला गोमूत्र. भीमाशंकरांचे मंत्र संपेपर्यंत रायफल त्यात बुडवून ठेवली, मग दोन हंड्यांनी स्नान घातलं, पुसून माळवदावर उन्हात ठेवली. नंतर तिला हळदकुंकू वाहिलं. दुर्बिणीच्या काचेवर कुंकवाचं बोट लागलं, ते आबारावांनी अंगठ्यानं पुसून सगळीकडे सारखं केलं. लाकडाला कशी मस्त झळाळी आली होती. त्या रात्री त्यांना गाढ झोप लागली.

दसऱ्याला बलभीम टेकडीवर येणार नव्हता. त्यानं आधीच सांगितलं होतं: तो दिवस आमचा. छप्पन साली दसऱ्यालाच दीक्षा झाली होती, वस्तीत निळे झेंडे लागतात, वंदना असते, जेवण असतं. आबारावांना उलट बरंच वाटलं. दादासाहेबांबरोबर फोटो निघणार होता.

दुपार कलल्यावर टेकडीवर सगळा गाव लोटला. दादासाहेब खुर्चीवर दुर्बीण घेऊन बसले, शेजारी चन्नबसप्पा. हलगीवाल्यांना बार ऐकू आला की वाजवायला लागा असं सांगून ठेवलेलं होतं. आबाराव सतरंजीवर पालथे झाले, गाल टेकवला. मडकं लालसर दिसत होतं. त्यांनी चापाला बोट लावलं. काहीच झालं नाही. ओढला, तरी काही नाही. बोट ढिलं सोडलं आणि बार उडाला.

मडक्यापासून लांब डावीकडे धूळ उठली. हलगी कडाडली.

आबारावांनी दुर्बिणीचा खिळा फिरवला. दुसरी गोळी उजवीकडे गेली. हलगी पुन्हा कडाडली. तिसरी अलीकडेच तळ्याच्या भेगांत शिरली, आणि हलगीवाले अंगात आल्यासारखे वाजवू लागले. चौथी कुठं गेली ते कुणालाच दिसलं नाही. दादासाहेबांनी डोळ्याची दुर्बीण खाली ठेवली. मडकं पांढरंधोप उभं होतं.

आबाराव उठले. लाज आणि राग यांतलं आधी काय गिळावं ते त्यांना कळेना. शेवटी ते म्हणाले की रायफल त्या मिस्त्र्यानं बिघडवली, मुद्दाम बिघडवली. या लोकांवर विश्वास टाकला हेच चुकलं.

दादासाहेबांनी मान हलवली नाही. वस्तीत मतं किती, याचा हिशेब त्यांच्या डोक्यात असणार. त्यांनी जीप पाठवून बलभीमला आणायला सांगितलं. बलभीम पांढऱ्या कपड्यांत आला, आणि पाठोपाठ त्याची आई भिमाबाई आणि अर्धी वस्ती चालत आली. मिस्त्र्याला जीपनं का नेलं म्हणून घाबरलेली.

बलभीमनं खिशातून पोस्टकार्ड काढलं आणि नळीच्या कडेनं सरकवून पाहिलं. ते शिरेना. बोल्ट मागं ओढला, आत बोट फिरवलं, वास घेतला, आणि बोट दादासाहेबांपुढं धरलं.

"दही हाये, सायेब. म्या दिली तवा तेलाचा हात होता फकस्त. आंघोळ कुणी घातली ते चेअरमनला इचारा. आन् का घातली, तेबी इचारा."

आबाराव दुसरीकडे पाहू लागले. भीमाशंकरांना वाटलं, आता आपल्यावर येतंय. ते घाईघाईनं पुढं झाले.

"मी म्हणलो होतो, एक थेंब बास. मालकच म्हणले, एका थेंबानं भागायचं न्हाय, त्याचा हात पार आतपर्यंत लागलाय. चांगले दोन हंडे होऊ द्या."

बलभीमचा चेहरा दगडासारखा झाला. इतके दिवस खांद्यावर पडलेला तो हात त्याला आठवला असेल. आबारावांनी त्याच्याकडे पाहिलं आणि त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. गावाचा चेहरा मात्र, शुद्ध करून घेतली, त्यात काय एवढं, असाच होता.

मागून भिमाबाईंचा आवाज आला.

"दोन हंडे?"

नुसतं तेवढंच. पण ते गर्दीत एकाकडून दुसऱ्याकडे गेलं. दोन हंडे. माळ्यांच्या बाया म्हणाल्या, धनगर म्हणाले, मग खुद्द भावकीतली म्हातारी माणसं म्हणू लागली, ज्यांनी हत्यार बाटलं म्हणून कालच आवाज उठवला होता. आमच्या लेकरांना अर्धा हंडा, आणि हिला दोन? कुणीतरी दूध पावडरीचीही आठवण काढली. आबाराव शास्त्र सांगू लागले, तर त्यांच्या अंगावर लोक धावून आले. दादासाहेब जीपमध्ये जाऊन बसले. जाताना त्यांनी नारळ चन्नबसप्पांच्या हातात दिला.

कारखान्याची चेअरमनकी गेली ती दोन हंड्यांपायी. बाकीचं कुणाच्या खिजगणतीतही नव्हतं, आणि आबारावांना नेमकं तेच बाकीचं दिवसरात्र टोचत राहिलं.

दिवाळीनंतर त्यांनी गड्याकरवी रायफल वर्कशॉपमध्ये पाठवली आणि निरोप दिला, बलभीमरावांना म्हणावं तेवढी परत मापाची करा. बलभीमनं ती खोलली, रॉकेलनं पुसली, वाळवली, पुन्हा काजळी लावून खरवडली. मग उलटा निरोप पाठवला: तयार आहे, नेम पहिल्यापेक्षा चांगला लागतो. फक्त न्यायला तुम्ही स्वतः या, माझ्या हातातून घ्या, आणि इथून थेट देवीपुढं नेऊन मांडा, तिला पाण्याचा थेंब न लावता. गावाला बोलावून.

आबाराव दोनदा शेडच्या दारापर्यंत आले. भावकीतलं कुणी ना कुणी रस्त्यात दिसलं, की इंजिनाची चौकशी करून परत फिरले. रायफल अजून शेडमध्येच आहे, खिळ्याला टांगलेली, आणि बलभीम दर शनिवारी तिला तेल लावतो.