पुढचा मापक

सासूबाईंनी दोरी सोडली. काचेच्या लांबलचक टाकीत, पाण्याखालच्या उतारावर अडवून धरलेला वाळूचा ढीग घसरला आणि वर लाट उठली. पडद्यावर पाण्याची उंची मोजणाऱ्या मापकाची रेघ आधी चढली, मग पडली.

"बघ, आधी वर," त्या सुनेला म्हणाल्या. "तुझं गणित आधी खाली जातं."

समुद्राच्या तळाशी दरड कोसळली तर किनाऱ्यावर काय होईल, हे गणितात मांडण्यात सुनेने जीव ओतला होता. त्या गणितात पाणी आधी मागे हटत होतं. सासूबाईंची अख्खी नोकरी मात्र टाकीत हात घालण्यात गेलेली. कागदावरच्या लाटेने पाय भिजत नाहीत, असं त्या येताजाता ऐकवायच्या. प्रयोगशाळेच्या दारात रंगारी किनाऱ्यावर लावायचा कोरा फलक घेऊन बसला होता. 'पाणी मागे हटलं की उंचावर पळा' असं लिहायचं की नाही, एवढंच त्याला हवं होतं. ते चुकलं, तर माणसं पाणी हटायची वाट बघत तिथेच उभी राहतील.

नवरा चहा घेऊन आला आणि दोघींचे चेहरे बघून कप ठेवून सटकला. भाजीतल्या मिठावरून घरात जे कधी झालं नव्हतं, ते आठवडाभर लाटेवरून चाललं होतं.

सुनेने गणितातली अधिक-उण्याची सगळी चिन्हं पुन्हा तपासली. आता तिला रडू यायचंच बाकी होतं.

"आई, हे आकडे पुढच्या मापकाचेच ना?"

"पुढच्याचेच. तूच मागितलेस."

"तो कुठे आहे, दाखवा बरं."

सासूबाई टाकीच्या खोल टोकाशी गेल्या. "हा काय. वाळू घसरत जाते ती बाजू पुढची."

सून दुसऱ्या टोकाला, किनारा म्हणून बसवलेल्या तिरक्या फळीपाशी उभी होती. "माझा पुढचा हा. किनाऱ्यावर उभं राहिलं की पुढ्यात येतो तो."

टाकीच्या दोन टोकांवरून दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. आधी सासूबाईंना हसू फुटलं.

त्यांनी वाळू पुन्हा रचली, दोरी सोडली. फळीवरून पाणी सरसर मागे गेलं, मग भरभरून परत आलं. सुनेच्या मापकाची रेघ आधी खाली गेली होती.

"लिहा हो," सासूबाईंनी रंगाऱ्याला सांगितलं. "खाली हेही लिहा, मासे वेचत बसू नका."

"आणि समोरच्या बेटासाठी दुसरा फलक," सून म्हणाली. "ते दरड घसरत जाते त्या बाजूला, तिथे आईंची रेघ खरी. पाणी आधी वरच येणार."

सासूबाईंनी गार झालेला चहा चवीने प्यायला.

घरी निघताना त्या गाडी चालवायला बसल्या. लग्न झाल्यापासून सुनेची जागा मागची; सवयीने नवऱ्याने पुढचं दार उघडलं.

"तू मागे," त्या मुलाला म्हणाल्या. "अगं, तू पुढे बस."

"कुणाच्या पुढे, आई?"

"त्याच्या. बस लवकर."

नवरा लांब पाय दुमडून, मांडीवर लॅपटॉप घेऊन मागे बसला. पहिल्याच वळणावर पुढे लाटेच्या उंचीवरून वाद सुरू झाला.