फाइलमधली चाळीस वाक्यं

धुळ्यात इंग्रजी बोलायला शिकवून मला तेवीस वर्षं झाली आणि आता खरं सांगते, जीव विटलाय. झेरॉक्सच्या दुकानावर माझी खोली. तीस खुर्च्या आणि एक पंखा, तोही कुरकुरणारा. रोज संध्याकाळी सहाला मी फळ्यासमोर उभी राहते आणि विचारते, काल काय झालं? कुणालाच काल काही झालेलं नसतं. मग मी सांगते, बाबांनो, आधी कोण, मग काय केलं, मग कसं केलं, मग कुठं नाहीतर केव्हा. एक जण उठतो आणि म्हणतो, ‘आय वेंट क्विकली टू द मार्केट.’ अरे, बाजारात क्विकली कोण जातं? पण वाक्य बरोबर असतं, म्हणून मी पुढं जाते.

माझ्याकडे निम्म्या मुली नर्सिंगवाल्या. शिरपूरच्या वरच्या अंगाला सातपुड्यातल्या पाड्यांवरून आलेल्या. घरी पावरी, शाळेत मराठी आणि नोकरीला लागल्यावर एकदम इंग्रजी. दवाखान्यात पेशंट अहिराणी बोलतो, डॉक्टर त्याच्याशी मराठी बोलतात, पण फाइल लिहायची इंग्रजीत. का, ते मला विचारू नका. त्यावरच तर मी पोट भरते.

शीतल त्यांतलीच. तेरसिंग पावरांची थोरली. इथल्या एका खाजगी दवाखान्यात लागली, पण सहा महिने कच्ची. इन्चार्ज ज्योती सिस्टर ठीक म्हणाल्या तरच पक्की. पहिल्याच आठवड्यात पोरीनं स्वतःच्या मनानं फाइलमध्ये एक वाक्य लिहिलं. सिस्टरनी ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळ्या खो खो हसल्या. शीतल माझ्याकडे येऊन रडली. "मॅडम, पुन्हा चुकलं तर काढतील. मला लिहूनच द्या."

दिली लिहून. एका कागदावर, दोन्ही बाजूंनी, चाळीस वाक्यं. ‘पेशंट स्लेप्ट पीसफुली थ्रू द नाइट.’ ‘पेशंट एट प्रॉपर्ली इन द मॉर्निंग.’ ‘पेशंट वॉक्ड स्लोली टू द बाथरूम.’ शीतलनं आठ दिवसांत घडाघडा पाठ केली. बाकीच्यांनी खालच्या दुकानात जाऊन झेरॉक्स काढल्या. तो कागद पुढं कुठं कुठं गेला, मी विचारलं नाही.

गेल्या महिन्यात माझा मोठा भाऊ, ज्ञानेश्वर नाना, त्याच दवाखान्यात होता. आतड्याचं ऑपरेशन झालं होतं, तिसरा दिवस. सकाळी साडेसहाला मी चहाचा थर्मास घेऊन गेले तर धुरपदावहिनी दारातच उभ्या.

"बाई, पहाटपासून उलट्या करी राहिनात. हिरव्या."

आत गेले. नानाचं पोट तट्ट फुगलेलं. मला बघून म्हणाला, "सुलू, मना पोटमा काहीतरी अडकेल शे." हा माणूस जन्मभर शेतात राबला, पायात काटा मोडला तरी कधी हूं की चूं केलं नाही. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

रात्रपाळी शीतलचीच होती. एक हात नानाच्या पाठीवर, दुसऱ्या हातात भांडं. तिनं त्याचं तोंड पुसलं, चादर बदलली, पाणीसुद्धा घेऊ दिलं नाही. "मॅडम, घाबरू नका, नऊला सर राउंडला येतात. मी थांबते तोवर." मला केवढा धीर आला म्हणून सांगू! म्हटलं, आपली विद्यार्थिनी आहे, चिंता नाही.

नऊला डॉक्टर आले. मागं ज्योती सिस्टर, त्यांच्या मागं शीतल. डॉक्टरांनी फाइल उघडली, ओळींवरून बोट फिरवलं. "छान. रात्रभर शांत झोपले, सकाळी व्यवस्थित खाल्लं, बाथरूमपर्यंत चालले. उद्या सोडू घरी."

"अहो डॉक्टर, चार उलट्या झाल्यात! खाल्लंय कुठलं डोंबल?" मी म्हटलं.

"फाइलमध्ये तर तसं काही नाही," ते म्हणाले. "थोडी मळमळ होतेच. नातेवाईक उगीच घाबरतात." आणि गेले पुढच्या खाटेकडे. नानाच्या पोटाला हातसुद्धा लावला नाही.

मी फाइल उचलली. शीतलचं गोल, नेटकं अक्षर. तीन वाक्यं, एकही चूक नाही. माझीच वाक्यं, माझ्याच कागदावरच्या क्रमानं.

मी तिला दंडाला धरून व्हरांड्यात ओढलं. "काय लिहिलंस हे? भांडं तूच धरलं होतंस ना?"

"हो मॅडम."

"मग?"

ती खाली बघत म्हणाली, "उलटीचं वाक्य कागदावर नाही. मी चाळीसच्या चाळीस बघितली. दुखतंय असंपण कुठं नाही. मनानं लिहिलं आणि चुकलं तर... मला वाटलं, सर आले की तोंडी सांगू. पण राउंडमध्ये आम्ही बोलायचं नसतं."

मला तिच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली. हात उचललाही असता, पण कागद माझ्या डोळ्यांसमोर आला. खरंच, चाळिसांतला एकही पेशंट आजारी नव्हता. आतून वहिनींची हाक आली. नानाला पुन्हा उलटी झाली होती.

"मराठीत लिही," मी म्हटलं.

"मराठी चालत नाही फाइलमध्ये. आणि आधीचं खोटं ठरेल, मॅडम. मला काढतील."

"काढतील," मी म्हटलं. त्या पोरीशी आता आणखी खोटं कशाला बोलू? "पण घरी पाठवला तर तो मरेल गं."

तिनं खिशातून पेन काढलं. सवयीनं माझ्याकडे बघितलं, मी सांगेन म्हणून. मी फक्त फाइल पुढं केली. मग तिनं खिडकीच्या कट्ट्यावर फाइल ठेवून लिहिलं. ‘पहाटेपासून पाच उलट्या, हिरव्या. पोट फुगले आहे, कडक आहे. झोपले नाहीत. खाल्ले नाही. चालले नाहीत. वरची माझी नोंद चुकीची आहे.’ खाली सही केली आणि ती स्वतःच वॉर्डाच्या त्या टोकाला गेली, राउंड थांबवला, फाइल डॉक्टरांच्या हातात दिली.

डॉक्टर अक्षरशः पळत आले. नाकातून नळी, एक्स-रे, एकच धावपळ. बाराला पुन्हा ऑपरेशन झालं आणि नाना वाचला. उद्यापर्यंत थांबलो असतो तर हाती लागले नसते, असं डॉक्टरच म्हणाले.

शीतलला त्याच दुपारी काढलं. मी तरातरा ज्योती सिस्टरच्या खोलीत गेले. म्हटलं, ती वाक्यं माझी आहेत, शिक्षा करायची तर मला करा. सिस्टर म्हणाल्या, "अहो, तुमचा कागद इथं सगळ्याच वापरतात. फार चांगला आहे. पण सही तिची आहे ना." मी बाहेर आले.

शीतल गेटपाशी पिशवी घेऊन उभी होती. नाना ऑपरेशनमधून नीट बाहेर येईपर्यंत ती गेलीच नव्हती. आता शिरपूरची गाडी पकडणार होती. मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. ती चिडली असती, काही वाकडं बोलली असती, तर मला बरं वाटलं असतं. पण वर्गात शंका विचारावी तसं तिनं विचारलं, "मॅडम, चाळिसांत एकपण वाईट वाक्य कसं नाही?"

मला काहीबाही सांगता आलं असतं. पेशंटबद्दल चांगलंच लिहावं, मनाला उभारी येते वगैरे. तेवीस वर्षांत असली उत्तरं तयारच असतात. पण लाज वाटली.

"दमले होते गं त्या दिवशी," मी म्हटलं. "एक चांगलं सुचलं, त्याच साच्यात बाकीची ओतली. वाईट काय काय होतं, त्याचा विचार करत बसावं लागलं असतं. नाही बसले."

तिनं पिशवी खांद्याला अडकवली. मग म्हणाली, "आज नानांजवळ आपल्या वर्गातली कोकिळा आहे रात्रपाळीला. तिला तेवढीच चाळीस येतात."