पायथ्याचं स्टूल

मित्रांनो, दुसऱ्यांसाठी श्वास घेण्यातच ज्याचं आयुष्य गेलं, असा मी एक जुना व्हेंटिलेटर आहे. कारखान्यात माझी परीक्षा झाली ती एका रबरी फुप्फुसावर. ते फुगायचं, बसायचं. त्याला आई नव्हती, म्हणून त्याच्या उशाशी भीतीही नव्हती. भीती मी पाहिली ती ग्वाल्हेरला, जयेंद्रगंजातल्या एका इस्पितळात, लहान मुलांच्या अतिदक्षता विभागात आल्यावर.

माझी नळी ज्यांच्या तोंडातून जायची, ती मुलं औषधाच्या गुंगीत असायची. पुष्कळांना मी घरी धाडलं. तेव्हा डॉक्टर माझ्या पाठीवर थाप मारायचे. काही मात्र दुसरीकडे गेली. ती जायच्या आधी एक गोष्ट घडायची. खाटेच्या पायथ्याशी एक स्टूल होतं. वर कुणी नसताना त्याची रेक्झिनची गादी हळूच खाली दबायची, जणू कुणी येऊन बसलं. मूल गेलं की गादी पुन्हा वर यायची.

अंशुल आला तेव्हा न्यूमोनियानं त्याची इवलीशी छाती भरून गेली होती. त्याच संध्याकाळी गादी दबली.

त्याची आई मंजिरी खाटेशी मुकाट उभी राहायची. मग तिचे वडील आले. बळवंतबुवा, खासगी बाजारातल्या राममंदिरात जन्मभर कीर्तन केलेले. त्यांनी हात धुतले, नातवाकडे पाहिलं आणि मग बराच वेळ स्टुलाकडे पाहिलं.

"बाबा, बसा ना तिथे," मंजिरी म्हणाली.

"तिथे कुणी बसलंय," बुवा म्हणाले. "आणि कीर्तनकार कधी बसतो का, बाळ?"

उभ्यानंच त्यांनी हलक्या आवाजात गजेंद्राचं आख्यान लावलं. टाळ नाही, तबला नाही. माझ्या श्वासाच्या लयीवर त्यांनी आपला आवाज बसवला. हत्ती सरोवरात उतरला, मगरीनं त्याचा पाय धरला, आणि तेवढ्यात नर्स नीलम आली.

"आजोबा, टाइम झाला. बाकीचं उद्या सुनाना."

"उद्याच सांगणार," बुवा स्टुलाकडे वळून म्हणाले. "कीर्तन अर्ध्यावर असताना श्रोत्यानं उठू नये. मग श्रोता कुणीही असो."

"हा बिचारा कुठे उठतोय," नीलम हसली. मग तिची नजर गादीवर गेली आणि हसू तिथंच राहिलं.

तेव्हा मला कळलं, हे आख्यान एकट्या अंशुलसाठी नव्हतं. रोज हत्ती काठाकडे ओढायचा, मगर खोलात ओढायची, आणि पाय सुटायच्या आत भेटीची वेळ संपायची. गादी दबलेलीच राहिली. पण अंशुलला न्यायला कुणी उठलं नाही.

एके दिवशी अंशुलची आत्या सुधाताई आली. भाबडी बाई. देवळातल्या आरतीची ऊब पदरात घेऊन आली होती. नीलमनं तिला हात धुवायला लावले, पण पदर कोण धुणार? तोच पदर तिनं भाच्याच्या तोंडावरून फिरवला.

"झाली आरती," ती समाधानानं म्हणाली. "आता सगळं नीट होईल गं, मंजिरी."

मित्रांनो, आरती झाली की कीर्तन संपतं. श्रोते उठतात.

गादी वर आली.

त्याच क्षणी नळीत कफ अडकला. मी हवा ढकलत होतो, ती परत माझ्याच अंगावर येत होती. माझी घंटा वाजू लागली. नीलम धावली, डॉक्टर शंतनु आले, घरच्यांना दाराबाहेर काढलं. बुवा उंबऱ्यावर थांबले. त्यांचा आवाज जरासुद्धा चढला नाही.

"बसून घ्या. ती आरती देवळातली होती. इथलं आख्यान बाकी आहे." आणि त्यांनी पुढे सुरू केलं, हत्तीनं सोंडेत कमळ धरलं...

कफ निघाला. अंशुलची छाती माझ्याबरोबर वर आली. पायथ्याशी गादी पुन्हा खाली गेली.

"बुवा, माझ्या हातून काय झालं हो?" बाहेर सुधाताई पदराचा बोळा तोंडाशी धरून विचारत होती.

"काही नाही. जरा लवकर आटोपतं घेतलंत."

मग अंशुल आपला आपण श्वास घेऊ लागला आणि माझी नळी निघाली. घोगऱ्या आवाजात त्यानं पहिलं विचारलं ते हे, "आजोबा, फिर मगर का क्या हुआ?"

मंजिरीचा हात त्याच्या केसांत थबकला. गुंगीत तो सगळं ऐकत होता.

"देव आले. हत्ती सुटला," बुवा म्हणाले, "आणि मगरही सुटली. शापानं अडकली होती ती. पाय धरून बसायची तिला काय हौस होती?" हे ते स्टुलाकडे पाहून म्हणाले. मग त्यांनी स्वतः आरती म्हटली. गादी वर आली. कुणी वाकून पायांना हात लावत असावं, तसे बुवांनी पाय मागे घेतले.

"असू दे, असू दे. आता या पोराच्या वाटेला येऊ नका."

पुढे नवी यंत्रं आली आणि मला अडगळीच्या खोलीत लोटलं. रेक्झिन फाटलं म्हणून ते स्टूलही माझ्या शेजारी आलं. अधूनमधून त्याची गादी दबते. मला आख्यान येत नाही. मी गप्प राहतो, आणि वर जे बसलंय ते वाट पाहतं.

म्हणून विनवतो मित्रांनो, तुमचं कुणी असं नळ्यांमध्ये झोपलं असेल, तर मुकाट उभे राहू नका. हात धुवा, पदर सांभाळा, कानाशी गोष्ट सांगा. ते ऐकतं. आणि तिथं ऐकणारं ते एकटंच नसतं. तेव्हा घरी न्यायचा दिवस उजाडेपर्यंत गोष्ट संपवू नका.