पुसटसा राहिलेला आकडा

मी ज्युरीच्या खोलीतला फळा बोलतोय. आयोवातल्या आमच्या गावच्या कोर्टात माझी एकोणचाळीस वर्षं गेली. दार लागलं की आत निकाल ठरवणारी आठ माणसं आणि मी. त्यांनी माझ्यावर लिहायचं आणि ती गेली की शिपाई लोवेलने मला पुसायचं. गेला महिनाभर मात्र माझा जीव टांगणीला लागलाय.

ग्रेटा व्होल्डेन शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला होती. पशुखाद्याच्या दुकानात माल उचलणाऱ्या गाडीखाली तिचा पाय चिरडला. एक ऑपरेशन झालं होतं; दुसरं झालं तरच ती पुन्हा उभ्याने काम करू शकणार होती. दुकानाकडून भरपाई मागणारा तिचा खटला शुक्रवारी आठ जणांच्या हाती आला. संध्याकाळी सातला शाळेचा फुटबॉलचा सामना, त्यामुळे सगळ्यांचे डोळे घड्याळाकडे.

"परवाच टीव्हीवर दाखवलं, नुसता पाय घसरला नि बाईला वीस लाख डॉलर मिळाले!" केस कापणारी डोना म्हणाली.

"आपण नाही हं असं लुटू देणार," म्होरक्या मर्ल बोलला. त्याचं खिळे-हातोड्यांचं दुकान आहे. त्याने बिलं, बुडालेला पगार, पुढचं ऑपरेशन, सगळं माझ्यावर मांडलं आणि बेरजेभोवती खडू दाबून गोल काढला. दोन लाख.

पण ग्रेटा गिऱ्हाइकांना अडवायला बांधलेली दोरी ओलांडून आत गेली होती. चाळीस टक्के चूक तिची, असं ठरलं. मर्लने तेवढे वजा केले आणि निकालाच्या कागदावर लिहिलं, एक लाख वीस हजार.

"मर्ल, पूर्ण रक्कम लिहा असं छापलंय ना त्यावर?" ग्रंथालयातून निवृत्त झालेल्या आर्लीनने विचारलं. "वजाबाकी न्यायाधीश करतात."

"अगं, तेवढेच त्यांचे कष्ट वाचवले! चल, माझा नातू खेळतोय आज."

सगळे हसले. आर्लीननेही मुकाट्याने सही केली. मी आतल्या आत ओरडत होतो.

न्यायाधीशांनी नियमाप्रमाणे पुन्हा चाळीस टक्के कापले. सोमवारी लोवेल झाडूवालीला सांगत होता, "बहात्तर हजार झाले. वकिलाचा तिसरा हिस्सा गेला, इस्पितळाची बाकी गेली. दीड हजार उरले बिचारीला. दुसरं ऑपरेशन रद्दच केलं म्हणे."

बोलता बोलता त्याने मला पुसलं. फडकं कोरडं, हात म्हातारा. बाकी सगळं गेलं. गोलातले दोन लाख तेवढे पुसटसे राहिले.

आज नवी आठ माणसं आलीत. छपरं दुरुस्त करणाऱ्या एकाचा खांदा मोडलाय, त्याचा खटला आहे.

"अरे, ते बघ! ग्रेटाचा निकाल इथेच लागला ना?" एकजण माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला. "दोन लाख! आणि दुकानात कशी लंगडत फिरते, नाटकी कुठली!"

"म्हणून तर विम्याचे हप्ते वाढतात. ह्याला जरा हात आखडूनच देऊ."

लोवेल पाण्याचा जग ठेवायला आला होता. त्याने सगळं ऐकलं. पण ज्युरीपुढे खटल्याबद्दल ब्रही काढायचा नाही, अशी त्याची शपथ आहे. त्याने जग ठेवला, माझ्याकडे पाहिलं आणि दार ओढून घेतलं.

वाचकहो, मी आजवर कधी खोटं बोललो नव्हतो. पुढच्या महिन्यात मला काढून नवा पांढरा फळा लावणार आहेत. खुशाल लावा, मला फोडा, जाळा. पण आधी कोणीतरी ओलं फडकं आणा हो! तो छपरांवाला बाहेर बाकावर खांदा धरून बसलाय, आणि इथे त्यांनी खडू हातात घेतलाय.